मार्टाबाईंच्या विरोधातलं चौथं प्रकरण

मार्टाबाई, गेल्या आठवड्यात डिपार्टमेंटमध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्हाला ती मुळीच आवडली नसती. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, तोच, ज्यात तुम्ही कॅमेऱ्याला दचकलेल्या दिसता. त्याला निशिगंधाचा हार. एकामागून एक सगळे माइकपाशी आले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं, की पोलंडहून आलेल्या प्रोफेसर मॅडम आमच्या कुंभकोणममध्ये दुधात साखर विरघळावी तशा विरघळून गेल्या. साडी नेसायच्या, हातानं जेवायच्या, देवळात जायच्या. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. साडी तुम्ही एवढ्या वर्षांत एकदाच नेसलात, पदवीदानाला, आणि निऱ्या पायात येऊन व्यासपीठावरच्या क्रोटनच्या कुंडीवर आदळलात. देवळात जायचात ते तळ्याची पातळी बघायला. मग सगळे उभे राहिले, शांतता पाळताना कुणाचा तरी फोन वाजला, आणि चहा आला.

विरघळणं तुमच्या अंगात नव्हतंच. आलात त्या दिवसापासून तुम्ही या ना त्या गोष्टीवर अडून बसायचात, आणि शेवटी माझ्या प्रबंधावर अडून बसलात. ते भांडण अर्धंच राहिलं आहे. माणूस गेलं की लोक आठवणी लिहितात. मला आधी ते भांडण निस्तरायचं आहे. मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला वाचता यायचं नाही. चालेल. इंग्रजीत जे सांगायचं ते तुम्हाला सांगून झालंय, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

शोकसभा संपल्यावर सेल्वराज सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. आपले विभागप्रमुख. माणूस वाईट नाही, हे तुम्हीही म्हणायचात. म्हणाले, "गोदा, मॅडम गेल्या, आता तुझा गाइड मी. प्रबंध तयारच आहे ना? बांधून आण. सोमवारी सही करतो." कळलं का, मार्टाबाई? जी सही तुम्ही दसऱ्यापासून अडवून धरली होती, ती सोमवारी मिळत होती. आणि ती मिळाली नाही तर मे महिन्यानंतर मी या विद्यापीठात शिकवणार नाही, कारण डॉक्टरेट नसलेल्या कुणालाच पुढच्या वर्षी ठेवायचं नाही असं मॅनेजमेंटनं ठरवलंय. घरात आई आणि मी. कमावणारी एकटी मी. हे तुम्हाला सगळं माहीत होतं.

तुम्ही आमच्या मेलकावेरीच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आलात तेव्हा मी नुकतीच लेक्चरर म्हणून लागले होते. पहिल्या तासाला मीच तुम्हाला वर्गापर्यंत सोडलं. तुम्ही आत शिरलात, अख्खा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात गुड मॉर्निंग झालं. तुम्ही थांबलात, ती बसतील म्हणून. ती थांबली, तुम्ही बसा म्हणाल म्हणून. कोणीच बसेना. तुम्हाला वाटलं, मुलं निषेध करताहेत. मी दारातून खुणेनं सांगितलं तेव्हा तुमचा तो तास सुरू झाला.

मग शंकांचं प्रकरण. तासाच्या शेवटी तुम्ही विचारायचात, काही शंका? वर्ग गप्प. परत विचारायचात, वर्ग आणखी गप्प. घरी येऊन तुम्ही मला म्हणालात, "ही मुलं माझा अपमान करतात." आणि त्याच संध्याकाळी स्टाफरूमबाहेर मुलांची रांग, प्रत्येकाच्या हातात वही, प्रत्येकाला एकट्याला काहीतरी विचारायचं. सगळ्यांसमोर शंका विचारणं म्हणजे तुमचं शिकवणं कमी पडलं असं चारचौघांत सांगणं, हे तुम्हाला समजावता समजावता मी थकले. तुम्हाला पटलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही तास लवकर संपवून बाहेर व्हरांड्यात स्टूल टाकून बसायला लागलात. शिकवायचात तिथेच, आत नुसती हजेरी. डीनसाहेबांनी त्यावरून मेमो दिला, तुम्ही त्या मेमोच्याच कोऱ्या पाठीवर कुणाला तरी भूगर्भाचा छेद काढून दाखवलात.

चंदनाची गोष्ट सेल्वराज सरांनी शोकसभेत सांगितली, पण अर्धीच. आयुधपूजेला आम्ही लॅबमधली सगळी उपकरणं धुऊनपुसून, चंदन-कुंकू लावून पूजेला मांडतो. तुमच्या पहिल्या वर्षी तुम्ही सुट्टीनंतर लॅब उघडलीत, प्रत्येक यंत्रावर पिवळे-तांबडे ठिपके पाहिलेत, आणि कुणीतरी नासधूस केली असं समजून दिवसभर स्पिरिटनं ते सगळे पुसून काढलेत. लॅबचे अटेंडंट दोन महिने तुमच्याशी बोलले नाहीत. इथपर्यंत सरांनी सांगितलं आणि सगळे हसले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही भरपाई म्हणून स्वतःच्या हातानं चंदन लावलंत, ढीगभर, आणि ते नेमकं पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राच्या डोळ्यावर. त्या मोसमाचे सगळे आकडे फेकून द्यावे लागले. तुम्ही म्हणालात, "आता मी इथली झाले." मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता, कारण ते आकडे माझे होते.

आईशी मात्र तुमचं पहिल्यापासून जमलं. तिला इंग्रजी येत नाही, तुम्हाला तमिळ चार शब्द. तेव्हा तुम्ही आमच्या घरातली मराठी उचललीत, ती आमच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आणलेली, तमिळच्या चालीवर बोललेली. पुण्याहून सेमिनारला आलेल्या त्या प्राध्यापकांना तुम्ही जेवणाच्या हॉलमध्ये "बसावें, डांगर घ्यावें" म्हणालात तेव्हा त्यांच्या हातातलं ताट वाकडं झालं. उडदाच्या पिठाचं ताकातलं डांगर त्यांनी आजीनंतर खाल्लं नव्हतं, आणि तसं बोलणारी पोलिश बाई तर कधी पाहिलीच नव्हती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, या कुठल्या विद्यापीठात मराठी शिकल्या? मी म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात.

आता मुद्द्यावर येते.

माझा प्रबंध इन्नंबूर गावच्या पाण्याचा. देवळाचं तळं आणि आजूबाजूच्या विहिरी, भाताच्या शेतांमधल्या. तळ्यातलं पाणी जमिनीत झिरपून विहिरींना किती मिळतं हे मोजायची पद्धत तुमची. पोलंडमधल्या तळ्यांवर तुम्ही ती बसवली होती, आणि ती तुमच्याच नावानं चालते. मी चौथ्या प्रकरणात ती पद्धत इन्नंबूरला लावली. उत्तरं चांगली आली. तुम्ही ते प्रकरण तीनदा परत दिलंत. चूक दाखवायचा नाहीत. नुसतं म्हणायचात, "गोदा, हे मेलेलं आहे. सगळं बरोबर आहे आणि तू यात कुठेच नाहीस." मी आणखी संदर्भ घालायची आणि परत आणून द्यायची. आमच्याकडे प्रबंध असाच लिहितात. मोठ्यांनी काय म्हटलं ते लिहायचं, गाइडनं काय म्हटलं ते लिहायचं, शेवटी आपण नम्रपणे तेच म्हणायचं.

मग गेल्या वर्षीची सरस्वतीपूजा. तुम्ही प्रकरण घेऊन सकाळीच खाली आलात, वाद घालायच्या तयारीनं. आईनं दारातच ते तुमच्या हातातून काढून घेतलं, त्याला चंदनाचं बोट लावलं आणि देवापुढच्या पुस्तकांच्या चळतीवर ठेवून दिलं. माझा लॅपटॉप तिथेच खाली होता. उद्या सकाळपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खांदे उडवले. आईनं तुमच्या हातात हरभऱ्याच्या उसळीची, आमच्याकडच्या सुंडलची, वाटी दिली आणि म्हणाली, "बसावें."

तुम्ही बसलात. हात मोकळे असले की तुम्हाला सुचायचं नाही. थोडा वेळ सुंडल खाल्लंत आणि म्हणालात, "बरं. कागद नाही तर नाही. तू सांग. इन्नंबूरच्या विहिरीत पाणी कसं चढतं?"

कागद समोर असता तर मी कागदावरचंच सांगितलं असतं. तो नव्हता. तेव्हा मी दोन वर्षं विहिरींच्या काठावर उभं राहून जे बघितलं ते सांगायला लागले. कालव्याला पाणी सुटलं की पाळीपाळीनं शेतं भरतात. भातात घोट्यापर्यंत पाणी उभं राहतं. त्यानंतर काही दिवसांनी विहिरी चढतात, आणि तळंही चढतं. दोन्ही एकदम. तळं भरलेलं असून शेतं कोरडी असतील तर विहीर जागची हलत नाही. म्हटलं, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, "दोन भावंडं एकदम अंगानं भरली म्हणून एकानं दुसऱ्याला जेवू घातलं असं होत नाही. दोघांना जेवू घालणारी तिसरीच कुणी असते." आई आतून म्हणाली, खरंय.

तुम्ही वाटी खाली ठेवलीत.

"मग माझी पद्धत इथे चालत नाही," तुम्ही म्हणालात.

"नाही चालत."

"मग उत्तरं कशी जुळली?"

"दोन्ही एकदम चढतात म्हणून. तुमच्याकडे कुणी भाताची शेतं भरत नाही."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या पावसाळ्यापासून."

"आणि तरी तू माझीच पद्धत लावलीस?"

"तुम्ही गाइड आहात," मी म्हटलं. मला तेव्हाही वाटत होतं की हे उत्तर पुरेसं आहे.

तुमचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता ओरडणार. तुम्ही उठलात आणि आईकडे पेन्सिल मागितलीत. आई म्हणाली, "आज कांही लिहूं नये." तुम्ही म्हणालात, एक ओळ. आई म्हणाली, अर्धीही नाही. तुम्ही तिला हातवारे करून सांगितलंत की उद्यापर्यंत मी विसरेन. तेव्हा आई जे बोलली ते मी तुम्हाला इंग्रजीत करून सांगितलं: विसरलात, तर ते लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं. तुम्ही खाली बसलात आणि हसायला लागलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुमच्या आयुष्यातलं नावाजलेलं काम आमच्या ओसरीवर निकालात निघालं होतं आणि तुम्ही हसत होतात. इतकं सुंडल मी कुणाला खाताना पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आईनं पुस्तकं उतरवली. तुम्ही माझं प्रकरण उचललंत, माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "काल बोललीस ते लिही. हे फेकून दे."

आणि मी नाही म्हटलं.

तिथून जानेवारीतल्या पोंगलपर्यंत आपलं तेच चाललं. तुमचं म्हणणं, खरं काय ते समजलंय, आता दुसरं लिहिता येत नाही. माझं म्हणणं, येतं, सगळे तेच करतात. गाइडची पद्धत चुकीची आहे असं गाइडच्याच सहीनं कुणी लिहीत नाही. परीक्षक म्हणतील पोरगी उर्मट आहे. नवी मोजणी करायला एक अख्खा पावसाळा लागेल, आणि मे माझ्यासाठी थांबणार नाही. तुम्ही म्हणालात, "मग मी सही करणार नाही." मी म्हटलं, तुमचाही करार जूनमध्ये संपतो, किती विद्यार्थ्यांची डॉक्टरेट झाली ते बघूनच वाढवतील, माझ्याशिवाय तुमच्याकडे आहे कोण? तुम्ही म्हणालात, तो वेगळा प्रश्न आहे. मला तो वेगळा वाटत नव्हता.

शेवटचं भांडण जिन्यात झालं. मी म्हटलं, "तुम्ही परक्या आहात म्हणून तुम्हाला तत्त्वं परवडतात. इथलं मोडलं तर तुम्ही विमानात बसाल. मी कुठे जाऊ?" तुम्ही कठड्याला धरून वर गेलात. ते वाक्य मी मागे घेत नाही, मार्टाबाई. ते खरं होतं, तुम्ही हयात असतात तरी खरंच असतं. फक्त त्यावर तुम्ही काहीतरी बोलायला हवं होतं. मला तुमचं उत्तर ऐकायचं होतं.

त्यानंतर आठवडाभरात तुम्ही गेलात. दुपारी, खुर्चीत, पंखा चालू. तुमचा भाचा आला, उंच, गोंधळलेला, प्रत्येकाला थँक यू म्हणत होता. त्यानं विचारलं, इथेच अग्नी दिला तर चालेल का, मावशीचं तिकडे आता घर नाही, ती येतानाच विकून आली होती. मला ते माहीत नव्हतं. विमानात बसून तुम्ही जाणार कुठे होतात, हे मी कधी विचारलंच नाही.

सेल्वराज सर त्या दिवशी खोलीत आणखी एक बोलले. मीच म्हटलं, सर, चौथ्या प्रकरणाला मॅडमची हरकत होती. ते म्हणाले, "ठाऊक आहे. गेल्या त्याच आठवड्यात डीनसाहेबांकडे आल्या होत्या, मी तिथेच होतो. म्हणाल्या, पद्धत माझी आहे आणि ती चुकलीय, यात मुलीचा काही दोष नाही, तिला एक वर्ष वाढवून द्या. करार संपत आलेला असताना कुणी असं बोलतं का? तब्येत बरी नव्हती, त्या भरात बोलल्या असतील." मी विचारलं, डीनसाहेब काय म्हणाले? सर म्हणाले, "बघू, म्हणाले."

बघू म्हणजे नाही. हे इथल्या शाळेतल्या पोरालाही कळतं. तुम्हाला एवढ्या वर्षांत कळलं नाही. घरी येऊन आईला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की त्या दिवशी तुम्ही खूश होऊन आला होतात, तिच्या हातचं ताक मागून प्यायलात आणि म्हणालात, झालं, ते बघणार आहेत. आईनं तुम्हाला खरं सांगितलं नाही. मला तर तिनं तुम्ही गेल्यावरच सांगितलं. मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "इतक्या खूश होत्या, मी कशाला सांगूं?"

म्हणजे तुमच्या हिशेबी सगळं ठरलं होतं. मला वर्ष मिळणार, मी पुढचा पावसाळा इन्नंबूरला काढणार, तुमच्या विरोधात लिहिणार आणि तुम्ही त्यावर सही करणार. जिन्यातल्या माझ्या बोलण्याचं उत्तर तुम्ही दिलं होतं, पण ते मला न देता डीनसाहेबांना दिलंत. मला अजून याचा राग येतो. आणि मला तुमची आठवण येते, हेही आता सांगून टाकते, कारण जिवंत माणसाला असलं सांगायची आमच्या घरात पद्धत नाही.

सरांचं म्हणणं सोपं होतं. ते बोलणं या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. मॅडमचं नाव मोठं आहे. तुझा प्रबंध त्यांच्या पद्धतीवर आहे, तो तसाच जाऊ दे, पहिल्या पानावर त्यांचा फोटो घालू, तीच त्यांना श्रद्धांजली. त्यात लबाडी नव्हती. ते तुमच्याच भल्याचं बोलत होते, आणि माझ्याही. मी हो म्हणून घरी आले, छपाईवाल्याला फोनही केला.

पण आईकडून ताकाची ती गोष्ट ऐकल्यावर ते प्रकरण छापायला देववेना, आणि सोमवारी सकाळी मी सरांकडे गेले, रिकाम्या हातानं. म्हटलं, चौथं प्रकरण बदलायचंय. पुढच्या पावसाळ्यात परत मोजणार आहे. सरांनी सहीसाठी काढलेलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. मग लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "अम्मा, नोकरी जाईल."

"जाईल," मी म्हटलं.

"मॅडमच्या विरोधात लिहिणार? त्या जाऊन पंधरा दिवस नाही झाले."

"त्यांनीच सांगितलंय, सर."

"लिहून आण," ते म्हणाले. "मग बघू."

तेव्हा परिस्थिती अशी आहे. जूनपासून मी तिरुनागेश्वरमच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवणार आहे, बोलणी झाली आहेत. पगार कमी आहे, आई म्हणते भागेल. तुमची मोजणीची यंत्रं सरांनी मला वापरायला दिली आहेत, हे मात्र कागदावर दिलं, 'बघू' म्हणाले नाहीत. तुमची वरची खोली अजून भाड्यानं दिलेली नाही.

काल रात्रीची जेवणं झाल्यावर लिहायला बसले. पहिलं वाक्य झालं. आईला वाचून दाखवलं, आमच्या भाषेत करून: या प्रबंधाच्या मार्गदर्शिकेची पद्धत इन्नंबूरला लागू पडत नाही, आणि हे प्रथम त्यांनीच मान्य केलं. आई म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल पहिल्याच ओळीत असं लिहितात का? मी म्हटलं, दुसऱ्या ओळीत त्यांची आणखी एक चूक आहे.

ती दुसरी चूक मला काल संध्याकाळी सापडली, मार्टाबाई, आणि ती दाखवायला मी वही घेऊन तुमच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढूनही गेले होते.